आईने गिळलेल्या कॅप्सूल
दम्याच्या मशीनमध्ये कॅप्सूल खुळखुळली की मला अंबरनाथ पश्चिमेतला एक दवाखाना आठवतो. मी नुकताच फार्मसी पास झालो होतो, घराण्यातला पहिला पदवीधर. पंधरा दिवसांवर पदवीदान होतं, पण सभागृह तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि महिनाभर दम्याचं औषध घेऊनही आईला चामटोलीतल्या आमच्या घराच्या चार पायऱ्या चढताना धाप लागायची. "तू जाऊन ये, मी नाय येत," असं ती म्हणाली, तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, औषध कसं घेता ते दाखवा." आईने पाणी मागितलं आणि कॅप्सूल गिळून टाकली. "अहो, आणि मशीन?" "ती कपाटात हाय, पिशवीसकट. नवी वस्तू, खराब झाली तर?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. औषध हातात देताना "सकाळ-संध्याकाळ एक" एवढंच तिला सांगणारा शहाणा मीच होतो. मग त्यांनी समजावलं, की आतली पूड श्वासाबरोबर ओढली तरच आवळलेल्या श्वासनळ्या सैल होतात आणि सूज उतरते; पोटात गेली तर वाया. "म्हंजे शेत सुकतंय आन् मी पानी अंगणात वतते," आई म्हणाली. त्या दिवसापासून ती औषध नीट ओढू लागली आणि पदवीदानाला दोनदाच थांबून तिसऱ्या मजल्यावर पोचली. तिथे माझ्याकडे बोट दाखवून ती शेजारच्या बाईला म्हणाली, "औषधांचं सगलं शिकलाय. घ्यायचं कसं, तेवढं मी शिकवलं." आता माझं स्वतःचं औषधांचं दुकान आहे, आणि अशी मशीन देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी औषध ओढून दाखवायला लावतो.