मनाम्याच्या बाजारातून घरी आणलेला अफगाणी किलीम

साताऱ्याच्या नव्या घरातला हॉल उघडाबोडका वाटत होता. बहारीनहून ताईने फोनवर फर्मान काढलं, "आईला घेऊन इकडेच ये, किलीम बघू." व्हिसा ऑनलाइन झाला आणि आम्ही मायलेकी विमानात बसलो. थंडीतच जा, उन्हाळ्यात तिथे भाजून निघाल.

मनाम्याचा जुना बाजार पायीच फिरावा. टॅक्सीत बसाल तर मीटर सुरू करायला सांगा, नाहीतर खिसा हलका होतो. समोसे आणि 'करक' म्हणजे कडक चहा घेऊन दाजी आम्हाला एका अफगाणी चाचांच्या दुकानात घेऊन गेले. किलीम म्हणजे हातमागावरची लोकरी सतरंजी, दोन्ही बाजूंनी सारखीच. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या एकावर माझा जीव जडला.

"घर ले जाइए, बिछाकर देखिए. पसंद आए तो बात करेंगे," चाचा म्हणाले. ना पैसे, ना पावती! दाजींची इथली बरीच वर्षांची ओळख, तेवढाच जामीन. पेशाने अकाउंटंट असलेले दाजी त्या विश्वासावर भलतेच खूश होते.

दुसऱ्या दिवशी आईला घरी ठेवून दाजींची गाडी आणायला आम्ही तुबलीच्या गॅरेजमध्ये गेलो. परत आलो तर बाल्कनीतून लाल पाणी ठिबकत होतं.

"कोरी वस्तू धुतल्याशिवाय अंथरायची नसते," आई म्हणाली. गरम पाणी, साबणाची पावडर, वर ब्रश! पांढरे पट्टे गुलाबी झाले होते आणि एक कड आखडली होती. दाजींनी किलीम पिळून वाळत घातला.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही दारात उभे होतो. दाजींनी घडी उलगडली.

"चाचा, मुझसे पानी गिर गया."

चाचांनी कड चाचपली, वास घेतला. "सिर्फ पानी?"

"हां. सिर्फ पानी."

आईचं हिंदी बेताचंच, पण एवढं तिला कळलं. "नाही हो! मैंने धोया. साबण, गरम पाणी. जावई का कुछ नहीं."

चाचा हसले. "अम्मा, ऊन को गरम पानी दिया तो खलास." मग दाजींकडे वळून हळूच म्हणाले, "आपने ऐसा क्यों बोला?"

दाजी सासूला वाचवायला बोलले होते बिचारे, पण ते सांगायची वेळ निघून गेली होती. आम्ही किलीम पूर्ण किमतीत घेतला. चाचांनी स्वतः बांधून दिला.

आता तो आमच्या हॉलमध्ये आहे, जरा वाकडा. पाहुणे गुलाबी रंगाचं कौतुक करतात आणि आई ऐटीत सांगते, "मीच धुतलाय!" मलाही तो तसाच आवडायला लागलाय.

परवा ताईचा फोन आला. दाजी ऑफिसातल्या मित्राला घेऊन चाचांकडे गेले होते. चहा झाला, आईची विचारपूस झाली. मित्राला चाचांनी किलीम घरी नेऊ दिला. दाजींनीही स्वतःसाठी एक उचलला, तेव्हा चाचा अदबीने म्हणाले, "आप यहीं देख लीजिए."