मुठीत न मावणारा रुमाल

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात जादूच्या खेळांची इंग्रजी पुस्तकं मराठीत आणायचो. मला स्वतःला एकही खेळ जमत नसे. पत्ते पिसताना निम्मे जमिनीवर. पण पोहता न येणाराही पोहण्यावर लिहू शकतो की, असं मी बायकोला ऐकवायचो. "लिहील, पण वाचणारा बुडेल," ती म्हणायची.

शुक्रवार पेठेतल्या छापखान्याच्या मालकांनी माझी पहिली वही दोन महिने ठेवून घेतली. छापावं की नाही, त्यांचं ठरेना. शेवटी म्हणाले, "सर, आमचे मामा होटगीहून आलेत. चौथी शिकलेत. तुमचं वाचून त्यांना एक जरी खेळ जमला, तर छापतो."

मी मनातून चिडलो. पण दुसरा कुठलाही छापखाना मला दारात उभं करत नव्हता.

मामांनी ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "रुमाल घ्यावा. डाव्या मुठीत कोंबावा. नकळत बाहीत सारावा." आणि शांतपणे डोक्याचा रुमाल सोडायला घेतला. आमच्या खेड्यांत रुमाल म्हणजे डोक्याला गुंडाळायचा, चांगला सहा-सात हात लांब. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, फक्त लिहिताना आठवलं नव्हतं.

मामा कोंबत राहिले. मूठ भरली, बाही भरली, उरलेला सदऱ्यात गेला. पोट सातव्या महिन्यासारखं दिसू लागलं आणि एक टोक गळ्याशी लोंबत राहिलं.

"गेला का वं?" त्यांनी विचारलं.

छपाईचे खिळे जुळवणारे कामगार हसून लोळायचेच बाकी होते. मालक डोळे पुसत होते. पुस्तक बुडालं हे कळत असूनही मला हसू आवरेना.

"मामा, राहू द्या," मी म्हणालो. "चारचौघांत बोडकं बसू नका."

"न्हाय न्हाय, जमंल की. चूक माजीच असंल. पुस्तकात कुनी खोटं लिवतंय व्हय?"

लोकांना फसवायचं कसं, एवढंच त्या वहीत पानोपानी लिहिलेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे होऊन त्यांच्या सदऱ्यातून रुमाल ओढू लागलो. ओढतोय, ओढतोय, तो संपेचना. कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

रुमाल मामांच्या हातात देऊन मी मालकांकडे वळलो.

"वही परत द्या," मी म्हणालो. "अजून मराठीत झालेली नाही."