शालनआक्काचा खुराक

शालनआक्का भेटल्यावर नमस्कार करायची नाही, मनगट धरायची. अंगठा आणि मधलं बोट समोरच्याच्या मनगटाभोवती फिरवायची आणि वजन सांगून मोकळी व्हायची. शेजारच्या काकूंचा नवा जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्याचंही मनगट धरून म्हणाली, "पंच्याहत्तर. पर त्यातलं धा किलो नुसतं वारं हाय." जावई पुढे वर्षभर आमच्या गल्लीत फिरकला नाही. काकूंनी मात्र नंतर खात्री करून घेतली होती, पंच्याहत्तरच भरलं होतं.

शिवाजी पेठेत आमच्या दारासमोर तिचं दार. नवरा पैलवान होता, पुढे तालमीत वस्ताद झाला. तालमीतल्या पोरांचा खुराक तीस वर्षं आक्काच्या हातचा. बदाम भिजवायचे, पाट्यावर वाटायचे, थंडाई करायची, लोणकढं तूप घालून खीर आटवायची. स्वतः मात्र काडीसारखी. "तू काय खातीस गं आक्का?" म्हणून विचारलं की म्हणायची, "वाढणाऱ्याचं पोट बघून भरतंय." साफ खोटं. तिला दुधाचा वासच सहन व्हायचा नाही.

माझ्या बारशाला तिने माझा मुका घेतला आणि ओठ पुसत म्हणाली, "पोरगी खारट हाय की गं!" सगळ्या बायका हसल्या. अकरा वर्षांनी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझा घाम तपासला आणि तेच सांगितलं. आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. जन्मापासूनचा. अंगातला चिकट स्राव घट्ट होतो, छातीत साचतो आणि पाचक रसाची वाटही अडवतो. मग खाल्लेलं तूप-तेल पचत नाही, नुसतंच बाहेर पडतं. म्हणून प्रत्येक खाण्याआधी पाचक रसाच्या कॅप्सूल, रोज छाती थोपटून कफ काढायचा, मीठ जास्त आणि जेवण इतरांच्या दीडपट. वजन वाढलं नाही तर पोटाला भोक पाडून अन्नाची नळी बसवावी लागेल, असंही बाई म्हणाल्या. आक्काला आजाराचं फार काही वाटलं नाही. पुढचे आठ दिवस ती गल्लीभर एवढंच सांगत होती, "मी बारशालाच सांगितलंतं!"

आई शाळेत शिकवायची, बाबा वारणानगरला डेअरीत. त्यामुळे माझं दुपारचं जेवण आणि संध्याकाळचं खाणं आक्काकडे. गल्लीतल्या बायका हळहळायच्या. खोकणाऱ्या पोरीला तूप? केळं? दही? मुगाचं पाणी द्या, पोटाला विश्रांती द्या. आक्का दारातूनच ओरडायची, "इस्रांती मेल्यावर! डाक्टरनं खा म्हणून लिवून दिलंय. असा आजार माझ्या वस्तादास्नी झाला असता तर सोनं झालं असतं!" तिच्याकडे एक पत्र्याचा डबाही होता. त्यात तुळस, सुंठ, ज्येष्ठमध, अडुळसा आणि ज्यांची नावं तिलाही माहीत नव्हती अशी बरीच मुळं. त्यातलंही काहीबाही माझ्या पोटात जायचं. मी विचारायची नाही, खीर गोड असायची.

अडचण एकच होती. मला कॅप्सूल गिळता यायची नाही. घशात अडकायची, मी ओकायची, आई रडायची, अर्धा तास जायचा. आक्काने दोनदा हा तमाशा बघितला आणि तिसऱ्या दिवशी तोडगा काढला. कॅप्सूल उघडली, आतले बारीक दाणे उकळत्या खिरीत टाकले, डावाने घोटून एकजीव केले. "तालमीत औषध दुधातनंच दिऊन पैलवान वाढीवलेत. तू कोन लागून गेलीस?" मला तर स्वर्गच मिळाला. आईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं, कारण आईला उगाच शंका काढायची सवय होती.

तीन महिन्यांत माझं वजन दोन किलोनं उतरलं. पोट फुगायचं, दुखायचं, संडासला पळापळ व्हायची. आक्का खिरीत तूप वाढवत गेली. रोज माझं मनगट धरायची आणि आकडा न सांगता हात सोडून द्यायची.

पुण्याला तपासणीला जाताना ती हट्टाने बरोबर आली. मी काट्यावर उभी राहिले. बावीस. बाईंनी विचारलं, "कॅप्सूल कशी घेतेस?" मी आक्काकडे बघितलं. आक्का छाती काढून म्हणाली, "मी देतो की! उकळत्या खिरीत, पार इरघळवून."

बाईंनी पेन खाली ठेवला. "आजी, तुम्ही तूप दिलंत ते अगदी बरोबर केलंत. पण ते पचवणारे हे दाणेच आहेत. गरम दुधात ते मरतात. गिळवत नसेल तर चमचाभर गार सफरचंदाच्या गरावर टाकून, न चावता घ्यायचे." मग आईकडे वळून म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत थांबू. तोवर वजन चढलं नाही तर नळी."

पुणे ते कोल्हापूर आक्का एस.टी.च्या खिडकीला टेकून बसली. कंडक्टरनं तिकीट मागितलं तेव्हा त्याचंही मनगट धरलं नाही. खरं म्हणजे निम्मा गुन्हा माझा होता. पण मी बारा वर्षांची होते, आणि गप्प बसण्यात पटाईत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आक्काच्या दाराला आतून कडी. "आक्का, भूक लागलीय." आतून आवाज आला, "शेजारी काकूंकडं जेव जा. माझ्या हातनं तुझं वाटूळं झालं." चार दिवस असंच. काकूंच्या आमटीत तेलाचा थेंब शोधावा लागायचा. मला रडू यायचं, ते भुकेचं होतं की आक्काचं, कोण जाणे.

पाचव्या दिवशी मी तिच्या परसदारातून आत शिरले. ती चुलीपाशी बसली होती, चूल थंड. मी पाण्याचा तांब्या घेतला, कॅप्सूल जिभेवर ठेवली. पहिल्यांदा ठसका लागून बाहेर पडली. आक्का उठली, "ऱ्हाऊ दे गं, मरशील!" मी तीच परत तोंडात टाकली, डोळे मिटले आणि गिळली. जीभ बाहेर काढून दाखवली. "गेली. आता वाढ."

तिने पदर डोळ्याला लावला, आणि लगेच ओरडली, "जीभ काय दावतीस भवाने, पानावर बस!"

पुढच्या खेपेला ती तो पत्र्याचा अख्खा डबा पिशवीत घालून पुण्याला घेऊन आली आणि बाईंच्या टेबलावर उपडा केला. "ह्यातलं पोरीला काय चालतंय, काय न्हाय, सांगा. इचारल्याबिगर आता चिमूटबी देत न्हाय." बाईंनी एकेक पुडी बघितली. चहातली तुळस आणि सुंठ ठेवली. अनोळखी मुळं बाद केली, आणि माझ्या औषधांबरोबर नको म्हणून ज्येष्ठमधही. ज्येष्ठमध गेल्याचं आक्काला फार लागलं. "माझ्या सासूनं जलमभर चघळलं."

"आणि सासूबाई कशा होत्या?"

"खाष्ट," आक्का म्हणाली, आणि पुडी पिशवीत टाकली.

दिवाळीच्या आधी काटा पंचवीसवर थांबला. बाई म्हणाल्या, नळीचं तूर्त राहू दे. आई आक्काच्या पाया पडायला वाकली तर आक्का मागे सरली. "माझ्यामुळंच उतरलंतं. पाया कसल्या पडतीस?" आणि त्यानंतर तिने एक काम केलं, जे पेठेत सहसा कोणी करत नाही. दारोदार जाऊन तिने स्वतःची चूक सांगितली. कुणाच्या पोराला डॉक्टरांचं औषध चालू झालं की ही हजर. "दुधात कालवू नगंस. आधी इचार. मी शानपना केलता, पोरगी जात हुती."

मी आता सव्वीस वर्षांची आहे. छाती अजून रोज थोपटावी लागते, कॅप्सूल अजून आहेतच. मागच्या उन्हाळ्यात आक्काचं हृदय थकलं. दवाखान्यात मीठ बंद, तेल-तूप बंद. पांढरंफटक खिमट तिच्यापुढे यायचं आणि ती मुकाट्याने खायची. मला बघवेना. एका दुपारी नर्स बाहेर गेल्यावर मी वाकून म्हटलं, "आक्का, उद्या चोरून जरासा ठेचा आणू का? आईला सांगत नाही."

तिने मान हलवली. "नगं. चोरून खाल्लेलं अंगी लागत न्हाय. तुला म्हाईत हाय की."

आक्काने खिमटाचा आणखी एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि गिळला. मग वस्तादीण तोंड उघडून, जीभ बाहेर काढून मला दाखवायला लागली. गेला.