कूलरपाशी फुललेला अमरकंद

जयपूरला बदली होऊन आम्हाला तिसरं वर्ष लागलं होतं. दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. विमा कंपनीत माझ्याकडे लोकांचे वैद्यकीय अहवाल तपासायचं काम होतं. अर्जदाराची कंबर, रक्तदाब, साखर बघायची आणि हप्ता नेहमीचा लावायचा की जादा, ते ठरवायचं. त्या हिवाळ्यात वार्षिक तपासणीनंतर माझाच अहवाल माझ्या हातात आला. कंबर एकशे चार सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर एकशे अठरा. रक्तातली चरबी आणि रक्तदाब, दोन्ही रेषेच्या वर. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर जादा हप्ता लिहून मी तो पुढे सरकवला असता.

डॉक्टर म्हणाले, याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मधुमेह झालेला नाही, पण तुम्ही त्याच रस्त्याला लागला आहात. रक्तदाबाची गोळी दिली, भात आणि गोड कमी करायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले.

"एवढं मोठं नाव कशाला हवंय?" बायको म्हणाली. "दारातून आधी पोट येतं, मग तुम्ही येता, हे मी केव्हापासून सांगतेय."

बाबांना मी फोनवर सहज सांगितलं. ते गावी, सिंधुदुर्गात, एकटेच राहत होते. आई साखरेनेच गेली होती. शेवटी तिच्या पायाची जखम भरतच नव्हती आणि बाबा ती रोज स्वतः धूत असत. फोनवर ते "बरं" एवढंच म्हणाले. पंधरवड्याने मात्र कापडी पिशवी घेऊन जयपूर स्टेशनवर उतरले.

पिशवीत जुन्या धोतराच्या फडक्यात मातीसकट तीन कंद होते. आमच्या मुलीने ते उलटेपालटे करून बघितले. "आजोबा, मतलब हे बटाटे नाहीत?"

"अमरकंद," बाबा म्हणाले. आमरीच्या जातीचा, म्हणजे शहरात ज्याला ऑर्किड म्हणतात त्यातलाच. फरक एवढाच की हा झाडावर चढत नाही, जमिनीत राहतो. गावच्या वैद्यांनी बाबांना सोबत नेऊन तो रानातून काढला होता. कंद झोपलेला असतानाच काप करून सावलीत वाळवायचे, कुटून चूर्ण करायचं आणि साखरेवर रोज चिमूटभर घ्यायचं, असं त्यांनी सांगितलं होतं.

मी बाबांना समजावलं की गोळी, चालणं, आहार हे सगळं नुकतंच सुरू झालंय. त्यातच हे घेतलं तर साखर कशाने उतरली ते कळणार नाही. आधी तीन महिन्यांची तपासणी होऊ दे, मग कंद बघू. माझ्या कामात एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची शिस्त होती आणि ती मला घरातही योग्य वाटत होती. बाबांनी वाद घातला नाही. कंद तोवर झोपून राहावेत म्हणून त्यांनी ते कुंडीतल्या कोरड्या मातीत पुरले आणि कुंडी मागच्या खोलीच्या खिडकीखाली, बाहेरच्या सावलीत ठेवली.

मग त्यांनी दुसरं काम काढलं. त्यांना पहाटे फिरायची सवय होती, पण शहर नवं, हिंदी येत नाही, एकटं कसं जायचं? त्यामुळे मला सोबत जावंच लागे. तिलक नगरातल्या आमच्या घरापासून बिर्ला मंदिरापर्यंत जायचं, पायऱ्यांवर थोडं टेकायचं आणि परतायचं. पहिल्या आठवड्यात ते पुढे आणि मी धापा टाकत मागे. ते वळून बघत आणि थांबत. चहातली साखर त्यांनी माझ्याबरोबर सोडली. त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

पुढे एका दुपारी मी लवकर घरी येत होतो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने हाक मारून विचारलं, बाबूजी आज आए नहीं? बाबा रोज दुपारी एकटेच त्याच्याकडे येऊन बसतात, असं तेव्हा मला कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखाच त्यांच्यासोबत निघालो.

एप्रिलात कूलर बसवला, नेमका त्याच खिडकीत. कोकणातल्या माणसाला कूलरचा अनुभव नाही आणि कुंडी आमच्याही ध्यानात आली नाही. त्याची गवताची जाळी दिवसभर ओली असे आणि खालून पाणी ठिबकत राही. मे महिन्यात, तपासणीला थोडे दिवस उरले असताना, मुलगी धावत आली. "आजोबा, बटाट्याला फूल आलं!"

कुंडीतून सरळ दांडा वर आला होता. पान एकही नव्हतं. दांड्यावर पिवळट हिरवी फुलं होती आणि त्यांच्या ओठांवर जांभळ्या रेघा. बाहेर लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा उन्हाळी वारा, वाहत होती. मुलगी टाळ्या वाजवत होती. बाबा कुंडीशेजारी उकिडवे बसले होते.

"इथे पाऊस नाही म्हणून मी निर्धास्त राहिलो," ते म्हणाले. "कंदाला काय कळतं? ओल लागली की तो जागा होतो. फुललेल्या कंदात आता काही उरलं नसणार."

मी म्हटलं, पुढच्या वर्षी नवे आणू. तरी ते उठले नाहीत.

"तुझ्या आईच्या वेळी मी असाच थांबलो होतो. आधी हे बघू, मग ते बघू." त्यांनी एका फुलाला बोट लावलं. "साखर कशाने उतरली ते मला कळायला नको रे. नुसती उतरायला हवी."

त्याच संध्याकाळी मी स्वतः कुंडी उकरली. एक कंद फुलला होता, उरलेले दोन अजून झोपलेले होते. फुललेला तसाच परत पुरला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, माझा यावर विश्वास नाही, पण कंद ओळखीचा असेल आणि गोळी, चालणं सोडणार नसाल तर चिमूटभर घ्या, चक्कर आली तर लगेच बंद करा. बाबांनी विळीवर पातळ काप केले आणि माझ्याच कार्यालयातल्या जुन्या कागदांवर ते वाळत घातले. रोज सकाळी फिरून आल्यावर ते कोमट पाण्यात चूर्ण ढवळत आणि पेला माझ्या हातात देत. बुळबुळीत, बेचव पाणी. मी रिकामा पेला परत देईपर्यंत ते समोरून हलत नसत.

तपासणीला ते माझ्याबरोबर आले. कंबर शंभर. साखर एकशे चार. रक्तदाब ठीक, चरबी अजून रेषेच्या थोडी वर. कशाचा किती वाटा, हे आता मला सांगता येणार नव्हतं आणि आजही येत नाही.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "अच्छा है. क्या किया आपने?"

मी बाबांकडे बघितलं. अमरकंदाचं श्रेय त्यांनाच घेऊ द्यावं म्हणून उत्तर त्यांच्यावर सोडलं. बाबांनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि तीन महिन्यांत शिकलेल्या हिंदीत सावकाश म्हणाले, "हमारे साथ चलता है. रोज."

बाहेर आल्यावर ते रिक्षा करू देईनात. घर जवळच आहे म्हणाले आणि मी येतोय का हे वळून न बघता चालू लागले. मी त्यांच्या बरोबरीने निघालो.