वूफरची टोपी

आमच्या आईने आयुष्यात एकही यंत्र पूजेशिवाय सोडलं नाही. दसऱ्याला शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, इस्त्री, सगळ्यांना हळदीकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल. त्यात अप्पांच्या स्पीकरच्या दोन पेट्याही आल्या. उभ्या पेटीवर फूल टिकत नाही म्हणून ती पुढची जाळी काढून त्यांना चक्क उताणं झोपवायची. वूफरच्या, म्हणजे पेटीतल्या मोठ्या स्पीकरच्या मधोमध जी फुगीर टोपी असते ना, आत धूळ जाऊ नये म्हणून चिकटवलेली, तिच्यावर भरभरून कुंकू. अप्पा म्हणायचे, अगं ती डस्ट कॅप आहे, देवीचं कपाळ नाही. आई ऐकेल तर शपथ.

पेट्या जुन्या, चांगल्या कमरेएवढ्या. नव्वदच्या आसपास लासलगावकडच्या एका बंद पडलेल्या तंबू थिएटरच्या सामानात अप्पांना त्या सापडल्या आणि कांद्याच्या ट्रकमधून त्या नाशिकरोडला आल्या. कितीतरी दिवस घरात गाण्याबरोबर कांद्याचा वास यायचा. अप्पा एकलहऱ्याला, वीज केंद्रात टर्बाइनवर. दिवसभर तो गडगडाट ऐकून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा स्पीकर का लावतो, हे आईला कधी कळलं नाही. ते भजनाची कॅसेट लावायचे, डावीकडच्या पेटीला खेटून बसायचे आणि तिच्यावर तळहात टेकवायचे. आम्ही अभंग ऐकायचो, ते पखवाज ऐकायचे.

ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी एक दिवस म्हणाले, डावी पेटी खरखरते. मी तेव्हा सिडकोत राहायचे, रविवारी माहेरी चक्कर. मी कान लावून बसले. काही नाही. आईने ऐकलं, तिलाही काही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अप्पा म्हणत, पखवाजाच्या प्रत्येक थापेला येतं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. शेवटी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज ऐकू येणं कमी झालंय, मशीन लावा.

मशीनचं नाव काढलं की अप्पा उठून गच्चीवर जायचे. मला वाटलं, म्हातारपणी लाज वाटते, दुसरं काय. खरं कारण आईने मला स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीआड सांगितलं. त्यांना बहिरेपणाची भीती नव्हतीच. "ते म्हणतात, मला नसलेलं ऐकू येतंय. डोक्यातच बिघाड झालाय. मशीन लावलं तर तेच अजून मोठ्याने ऐकू येईल." हे सांगताना तिचे डोळे भरले होते.

दिवाळीआधीच्या रविवारी गेले तर दोन्ही पेट्या दारापाशी काढून ठेवलेल्या. अप्पांनी त्या गल्लीतल्या भजनी मंडळाला देऊन टाकल्या होत्या, संध्याकाळी मंडळाचे बुवा न्यायला येणार होते. मी आधीच तापट, त्यात हे. मी विचारलं, अप्पा, असं काय अडलं होतं? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला आता या पेट्यांचा भरवसा नाही आणि माझाही नाही."

मी रागारागाने फडकं घेतलं. म्हटलं द्यायच्याच आहेत तर नीट पुसून तरी द्या, लोक काय म्हणतील. डावीची जाळी काढली तर टोपी कुंकवाने लालभडक, कडेला पोपडे धरलेली. ती पुसून स्वच्छ होईना. मग म्हटलं, बदलूनच टाकते. लहानपणी अप्पांना शेजाऱ्यांच्या स्पीकरच्या टोप्या बदलताना शंभरदा पाहिलं होतं. पर्समधलं नेलपॉलिश रिमूव्हर कापसाने कडेला लावलं, गोंद सैल झाला की ब्लेडचं पातं आडवं सरकवलं. एका बाजूचा गोंद कधीचाच सुटला होता, चांगली फट होती तिथे. टोपी उचलली आणि पेटी पुढे कलती केली.

टपटप करत फरशीवर तांदूळ पडले.

पिवळे, लाल, काही अख्खे, काही मोडलेले. आईच्या अक्षता. दरवर्षीच्या दसऱ्याला त्या फटीतून थोड्या थोड्या आत जात होत्या आणि पखवाजाची थाप पडली की टोपीखाली थयथय नाचत होत्या. अप्पा दुपारी एकटे असताना मोठ्याने लावायचे, तेव्हा. आम्ही तपासायला बसलो की आई आधी आवाज बारीक करायची, शेजारपाजारचे बोलतील म्हणून. बारीक आवाजात तांदूळ उडतो कशाला?

आई खाली बसून दाणे वेचायला लागली. माझ्याच हातांनी केलं गं बाई, एवढंच म्हणत राहिली. अप्पा उकिडवे बसले आणि एक दाणा उचलून तळहातावर घेतला. मग मला म्हणाले, पातं असं धरतात का, स्पीकरचा कागदी कोन फाडला असतास. आणि उठून स्वयंपाकघरातून आमटीची वाटी घेऊन आले.

टोपी ते विकतची कधी लावायचे नाहीत. सुती कापड खळीत बुडवायचं, पालथ्या वाटीवर ताणून बांधायचं, उन्हात कडक होऊ द्यायचं आणि कडा कातरायची. एरवी वाटी गेली की आई तोंड सोडायची. त्या दिवशी तिने स्वतः खळ शिजवून दिली. गच्चीवर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं, कापड बघता बघता वाळलं. अप्पांनी टोपीखालची जागा मऊ ब्रशने साफ केली, गोंदाची बारीक रेघ फिरवली आणि टोपी अलगद बसवली.

बुवा आले तेव्हा गोंद नुकता धरला होता. अप्पांनी पेट्या परत जोडून कॅसेट लावली, आवाज पूर्ण मोठा केला आणि आईने हूं की चूं केलं नाही. पखवाज घुमला, भांडी थरथरली, कुठेही खरखर नव्हती. अप्पा पेटीवर हात टेकवून बसले होते आणि रडत होते, उघडपणे, परक्या माणसासमोर. बुवा बिचारे काय समजायचं ते समजले आणि म्हणाले, राहू द्या, आम्ही दुसरं काहीतरी बघतो.

कॅसेट संपल्यावर अप्पांनी मला जवळ बोलावलं.

"म्हणजे मला जे ऐकू येतंय ते खरं येतंय," ते म्हणाले. "मग जे येत नाही त्याचं मशीन घेऊन टाकू. उद्या तुला वेळ आहे का?"