मे महिन्यातले सत्तावीस अंश

आमच्या नागपुरात मे महिन्यात प्रयोगशाळेचं तापमान सत्तावीस अंश असतं. निदान इंजिनिअरिंगच्या पोरांच्या फायलींत तरी असतं. कुठल्या तरी थंड गावच्या पुस्तकातून एका सीनियरने तो आकडा उतरवला असेल. तेव्हापासून फाईल खालच्या वर्गाकडे जाते आणि सत्तावीस तिच्यासोबत जातो. कूलर नुसता गरम वारा फेकतो, घामाने कागद ओला होतो, आणि त्याच कागदावर सत्तावीस लिहिताना एकाचाही हात अडखळत नाही. मी यांना शिकवतो. माझं डोकं फिरतं.

पहिल्याच तासाला सांगतो: दिसलं ते लिहा, साध्या वाक्यात लिहा, आकडा बदलला तर का बदलला ते त्याच्याच खाली लिहा. पोरं माना डोलावतात आणि झेरॉक्सच्या दुकानात जातात.

यंदा कुही गावाहून येणाऱ्या एका मुलीने ऐकलं. तेल किती पातळ आहे ते मोजायचा प्रयोग होता. तिने तापमान बेचाळीस लिहिलं आणि खाली लिहिलं, तेल तापलेलं होतं म्हणून भांड्यातून लवकर वाहून गेलं. इतका स्वच्छ रिपोर्ट मी कित्येक वर्षांत वाचला नव्हता.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमका तोच बाजूला काढला. "सगळ्यांचं सत्तावीस, हिचंच बेचाळीस कसं? दुरुस्त कर, नाहीतर सही नाही." सही नाही म्हणजे नापास.

"सर, तेलच गरम होतं," ती म्हणाली. "मंग सत्तावीस कसं लिहू?"

मी थर्मामीटर तेलात बुडवला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. ते रुमालाने मान पुसत म्हणाले, "थर्मामीटर खराब असन. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले, सर?" मान पुसणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

तिने बेचाळीस खोडलं, सत्तावीस केलं आणि त्याच्या खाली एक ओळ लिहिली: परीक्षकांनी सांगितल्यामुळे आकडा बदलला.

"हे काहून लिहिलं?" परीक्षकांनी विचारलं.

"आकडा बदलला का, त्याचं कारण लिहा लागते, सर."

सहीची जागा त्या ओळीच्या खाली होती. मी पेन त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. "राहू दे, बेचाळीसच ठेव," म्हणाले. तिने सत्तावीस आणि ती ओळ खोडून पुन्हा बेचाळीस लिहिलं, तेव्हा त्यांनी सही केली. मग उरलेला गठ्ठा ओढून घेतला आणि एकेका सत्तावीसखाली त्याच पेनने सह्या करत सुटले.