काड्यापेटीत नेलेली भाकर

दोस्तांनो, आज माझं खानावळीतलं पीठ मळायचं काम जाता जाता राह्यलं.

पीठ मळणाऱ्याच्या पोटात जंत असले, तर ते हातावाटे गिऱ्हाइकाच्या पोटात जातात म्हणे. म्हणून दवाखान्यानं काड्यापेटीत नमुना मागवला. मला वाटलं, माझ्या हातचं पीठच तपासायचं हाय; म्हणून राजूरच्या गाडीवानाशी गप्पा हाणत मी भाकरीचा तुकडा घेऊन गेलो.

कंपाउंडर म्हणाला, "बाबा, भाकरीचा न्हाई, परसाकडचा नमुना पाहिजे."

दुसऱ्या पेटीत जंत निघाले. मला वाटलं, आता हाकलतील. पण खानावळवाली मावशी म्हणाली, "औषध घे, नखं काढ. तवर लाकडं फोड, मंग पिठाला ये."

पोटासाठी इतकी गावं फिरलो, पण पोटात काय हाय, हे आजच कुणी विचारलं. तुम्हाला कधी विचारलं का?